कमळाकरदादाची उचल

२७ जून, शुक्रवार

सोडली! नोकरी सोडली. नोकरी कसली म्हणा — पगार नाही, सुट्टी नाही, मूर्तीमागे चाळीस रुपये कमिशन आणि तेही अनंत चतुर्दशी उलटल्यावर. पण सोडली.



नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी उगाच डोक्यात राख घालून घेतली. सकाळी जोह्याला कमळाकरदादाच्या मूर्तींच्या कारखान्यात गेले. रोह्याच्या शाळेच्या एकशेवीस गणेशमूर्ती रंगून तयार, फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या. ही ऑर्डर माझी. फेब्रुवारीत तिथल्या मुख्याध्यापिका नमिता मॅडमना नमुना दाखवून मी आणलेली. 'अस्सल शाडू. घरी बादलीत विसर्जन करा, रात्रभरात विरघळते, माती कुंडीत घाला.' हे पाच महिन्यांत किती जणांना म्हटलं असेन! झोपेतही म्हणेन.

कारखान्यातले जुने विठूकाका मूर्ती खाली उतरवत होते. एक निसटली, हात तुटला. मी तो तुकडा उचलला तर आतून पांढराफेक! शाडू तुटली की आत राखाडी दिसते, हे पेणमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वर नखाएवढा मातीचा थर, आत सगळं प्लास्टर. दुसरी मूर्ती उचलली — हलकी. तिसरी — हलकी. शाडूची अशी लागतच नाही, ती हाताला ओढ देते. मला नमुने दिले ते तेवढे खरे होते.

विठूकाका हळूच म्हणाले, "तू बघितलं नाय असं समज गो."

कमळाकरदादाला विचारलं. वाटलं, दचकेल, निदान कुठल्या कामगारावर ढकलेल. छे! चहा पीत राहिला. "शाडू परवडते काय? सुकायला महिना, वाटेत निम्म्या फुटणार. गिऱ्हाइकाला शाडू पायजे, भाव प्लास्टरचा पायजे." आणि वर म्हणतो, "तू कमिशन बघ ना गो, आतलं कशाला बघतेस?"

मी पाच वर्षांची असल्यापासून हा माणूस माझ्याकडून राखी बांधून घेतोय.

२८ जून

आईला सांगितलं. तिनं भाजी निवडायची थांबवली नाही. "बरं. आता शांत राहा." एवढंच! मला वाटलं होतं, पेटून उठेल. चाळीस वर्षं बाबांबरोबर काढलीत तिनं. दामोदर सर म्हटलं की आजही पेणच्या बाजारात माणसं स्कूटर थांबवतात. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दर मे महिन्यात जोह्याला जाऊन मूर्तींचे डोळे आखायचे. कमळाकरदादाला ब्रश धरायला बाबांनीच शिकवलं. त्या माणसाच्या कारखान्यात हा प्रकार!

बाबा जाऊन चार वर्षं झाली ते बरंच, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१ जुलै, मंगळवार

पुतळीवहिनी आली होती, कमळाकरदादाची बायको. हातात चिठ्ठी. वहीच्या कागदावर, माझ्याच अक्षरात, खाली माझीच सही: 'हंगाम संपायच्या आत काम सोडल्यास घेतलेली सर्व उचल परत करीन, कमिशनवर हक्क राहणार नाही.'

जानेवारीत लिहिली होती. कमिशन गणपती झाल्यावर मिळणार, तोवर खायचं काय? म्हणून दादा महिन्याला सहा हजार उचल द्यायचा, शेवटी कमिशनमधून कापून घ्यायला. चिठ्ठी लिहून घेताना म्हणाला होता, "नुसता रिवाज गो, सगळ्यांकडून घेतो. तुझ्याकडून काय मी वसूल करणार हाय?" मीही हसत हसत सही ठोकली. शहाणी!

म्हणजे अकराशे मूर्तींच्या ऑर्डरी मी आणल्या, उन्हातान्हात एसट्या बदलत, त्याचं कमिशन शून्य. आणि वर तीस हजार मीच द्यायचे. चतुर्थीच्या आत.

वहिनी पाणी प्यायली, बाबांच्या फोटोकडे बघत बसली. जाताना म्हणाली, "ते मनात ठेवून बोलत नाय गो, तापट हायत." तापट! आणि मी काय देवघरातली समई?

३ जुलै

आईशी भांडण. ती म्हणते, "देऊन टाक आणि विषय संपव. माझ्या पाटल्या घे. पण कमळाकरच्या तोंडी लागू नकोस. तो रागाच्या भरात वाट्टेल ते बोलतो."

"बोलू दे की! घाबरायचं काय आहे आपल्याला?"

ती गॅस पुसत राहिली. दोनदा पुसलेला गॅस तिसऱ्यांदा. पाटल्या घेणार नाही म्हटलं. आईचा असा राग कधी आला नव्हता.

५ जुलै

निमिषला चिठ्ठीचा फोटो दाखवला. वकील असला तरी वर्गमित्र आहे, तारखा न देता सरळ बोलतो. "भांड. ऑर्डरी तू आणल्यास, कमिशन मागता येईल. लबाडी तर त्यानंच केलीय, तो कोर्टाच्या पायरीपाशी येणारसुद्धा नाही."

पटलं. पण नाही भांडणार. त्याचा एक रुपयाही मला अंगावर ठेवायचा नाही. बाबांनी कुणाची उचल कधी ठेवली नाही. त्याच्या तोंडावर पैसे टाकीन आणि मग बघ म्हणेन, सरांची मुलगी आहे.

८ जुलै, मंगळवार

काल दिवसभर माझ्या सगळ्या दुकानदारांना फोन केले. घशाला कोरड पडली. 'तुम्ही घेतलेल्या मूर्ती शाडूच्या नाहीत.' पनवेलचा हसला. ठाण्याचा म्हणाला, "ताई, त्या भावात शाडू कुठं येते? आम्हाला माहितीय." सगळ्यांना माहीत! अख्ख्या व्यवहारात अंधारात होते मी आणि रोह्याची ती शाळा.

म्हणून आज रोह्याला गेले. नमिता मॅडमना सरळ सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला आधी माहीत होतं?" नाही म्हटलं.  मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. ऑर्डर रद्द करते म्हणाल्या.

मग निघताना दारात थांबवून: "तुम्हाला स्वतःला येते का मूर्ती करायला?"

येते का! बाबांच्या मांडीवर शिकलेय.

१० जुलै

ठरलं! मुलं स्वतःच्या मूर्ती स्वतः करणार. मी शिकवणार. मुलामागे शंभर रुपये. बाराशे नव्हे, बारा हजार! शाडूची पोती मी स्वतः निवडून आणणार, मॅडमच्या देखत भिजवणार.

१५ जुलै

कमळाकरदादाचा फोन. शाळेनं ऑर्डर मोडल्याचं कळलंय. "सरांच्या मुलीनं माझ्या पोटावर पाय दिला!" असं ओरडत होता. मी म्हटलं, बाबांचं नाव घेऊ नको, तेवढी लायकी राहिली नाही तुझी. तो एकदम गप्प झाला. मग फोन ठेवला.

त्या गप्प होण्यानं बरं वाटलं. झोंबलं असणार.

२२ जुलै

साठवलेले दहा हजार वहिनीच्या हाती पाठवले. पावती मागितली. वहिनीला लाज वाटली, मला नाही.

२६ जुलै

नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढलंय. रोह्याची गाडी अर्ध्यातून माघारी. मातीची बादली मांडीवर घेऊन तीन तास.

२ ऑगस्ट, शनिवार

आज मजा आली. एवढ्याशा हातांनी एवढाली पोटं! ईरा नावाची एक चिमुरडी, तिच्या गणपतीला सोंडच जमेना. म्हणते, "टीचर, याला सोंड उद्या लावू का? आज दमलाय." किती दिवसांनी पोट धरून हसले.

शेवटी मुलांनी विचारलं, तुम्ही कुणाकडून शिकलात? बाबांबद्दल सांगितलं. ते माती मळताना कसे बोलायचे नाहीत. डोळे आखताना श्वास कसा रोखायचे. म्हटलं, माझ्या बाबांनी आयुष्यात एकदाही प्लास्टरला हात लावला नाही. मॅडम मागे उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, "मोठा माणूस असणार."

एसटीत खिडकीशी बसून रडले. चांगलं रडणं होतं.

९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. गेले नाही. दादाचाही फोन नाही.

१४ ऑगस्ट

शाळेचे बारा हजार मिळाले. तसेच पाठवले. उरले आठ.

१८ ऑगस्ट

कानातल्या रिंगा मोडल्या. बाबांनी बारावीला दिलेल्या. सोनार म्हणाला, "सरांनी माझ्याकडूनच घेतल्या होत्या. रोख. मेमध्ये, गणपतीचं काम चालू असताना." मी म्हटलं, भाव सांगा.

आईला कानांकडे बघून कळलं. "कशासाठी गं एवढं?" म्हणाली. बाबांसाठी, म्हटलं. ती आत निघून गेली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

झालं. फिटलं.

शेवटचे पैसे स्वतः नेले. कारखान्यात गाड्या भरत होत्या, मूर्तींवर प्लास्टिक चढवणं चालू. दादानं पैसे मोजले नाहीत, तसेच खिशात घातले. चिठ्ठी काढली, माझ्यासमोर फाडली. मी ठरवलेलं वाक्य तोंडात घोळवत होते. म्हटलं एकदाचं: "बाबा असते तर तुला दारात उभं केलं नसतं."

त्यानं बघितलं माझ्याकडे. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ही वरच्या थराची कला माझ्या बापाला नव्हती ठाऊक. माझ्या डोक्यातून पण आली नाय. सरांनी शिकवली गो मला. प्लास्टरवर शाडू धरत नाय, त्यात काय मिसळायचं ते त्यांनीच शोधलं. शाळामास्तरच्या पगारात तुझं मुंबईचं कॉलेज झालं काय?"

विठूकाका जवळच दोरी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला उचल दिली ती पण सरांच्यासाठी," म्हणाला. "बाकी कुणा एजंटला एवढी देत नाय मी."

मी काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. नीच माणूस! पकडला गेला म्हणून मेलेल्या माणसाच्या अंगावर चिखल उडवतो. ज्यांनी हातात ब्रश दिला त्यांच्यावर! पैसे गेले त्याचं दुःख नाही. एकतीस वर्षं ज्याला दादा म्हटलं तो हा निघाला.

२२ ऑगस्ट

आईला यातलं सांगितलेलं नाही. उगाच तिच्या जिवाला त्रास.

दरवर्षी आपला गणपती त्याच्या कारखान्यातून यायचा. यंदा नाही. कपाटात बाबांनी केलेली शेवटची मूर्ती आहे, त्यांच्या आजारपणाच्या आदल्या वर्षीची. कुणा गिऱ्हाइकासाठी केलेली, ते न्यायला आलंच नाही, तशीच राहिली. तीच बसवायची. दीड दिवसानं घरीच बादलीत विसर्जन. आजवर तळ्यात सोडत आलो, यंदा माती घरातच राहील. बाबांच्या हातची शाडू, अंगणातल्या जास्वंदीला.

आई म्हणाली, "राहू दे ना गं ती. आठवण आहे. बाजारातून लहानशी आणू." नाही म्हणजे नाही!

२७ ऑगस्ट, बुधवार

चतुर्थी. बाबांची मूर्ती चौरंगावर बसवली. काय डोळे आखलेत! कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतात. 

कपाटातून काढली तेव्हा एका हातात आली. इतकी वर्षं सुकलीय, होणारच.

मोदक एकवीस केले, त्यातले सात फुटले. आई जेवली नाही नीट.

२८ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी उत्तरपूजा केली, मोठ्या बादलीत विसर्जन केलं. नमिता मॅडमचा मेसेज — मुलांचे दीड दिवसाचे गणपती तासाभरातच मऊ पडायला लागले, ईराच्या गणपतीची सोंड सगळ्यात आधी गळाली, ती रडली आणि मग हसली. त्यांना लिहिलं, आमचाही आत्ताच पाण्यात ठेवलाय, सकाळी फोटो पाठवते.

आई देवघरात दिवा लावून बसलीय. तिला म्हटलं, बघायला ये. म्हणाली, "तू बघ."

२९ ऑगस्ट, सकाळ

रंग सुटला. वरची माती तळाशी बसलीय, जेमतेम मूठभर. पाणी नितळ आहे, आणि मधे गणपती तसाच बसलाय. पांढराफेक.

आई अंगणात फुलं काढतेय. विरघळला का, असं तिनं विचारलंसुद्धा नाही.