आधी काठ, मग बूड

सिंगापूर, १४ ऑगस्ट २००५

चि. निशिकांत यास ताईचे भरघोस आशीर्वाद.

इकडे सारे सुखरूप. तू पथ्य पाळतोस असं धरून चालते.

मुकुलने मला न विचारता माझ्या इथल्या मुक्कामाच्या पासची मुदत पुन्हा वाढवली. बाळाची गोधडी झाली की आईचं तिकीट काढतो, असं तो मार्चमध्ये म्हणाला होता. ती एप्रिलमध्येच शिवून झाली. मग भावनाने, म्हणजे सूनबाईंनी, तिच्या साहेबांसाठी एक मागितली. आता तिच्या मैत्रिणीसाठी तिसरी चालू आहे. शिवाय दिवसभर नातू माझ्याकडे. तीस वर्षं शाळेत पोरांना संस्कृतातला ‘गम्’, म्हणजे ‘जाणे’, हा धातू चालवायला शिकवला. मी स्वतः मात्र लिफ्टपर्यंत जाते.

समोरच्या फ्लॅटमधल्या ब्रिजेटबाई आयर्लंडच्या खेड्यातल्या. मुलगा इथल्या तुआस भागातल्या कारखान्यात इंजिनीअर. त्यांच्या गावी बटाटे वाहायला घरोघरी टोपल्या विणत. आपला बुरूड बुडापासून सुरुवात करतो. या बाई काड्या जमिनीत रोवून आधी काठ विणतात, बूड अगदी शेवटी. इथे जमीन कुठली? कुंडीत वेत रोवतात. शेजारी मी गोधडी घेऊन. त्यांनी विचारलं, किती दिवसांसाठी आलात? म्हटलं, तीन महिने. त्या म्हणाल्या, मीही तेवढ्यासाठीच आले होते. सहा वर्षं झाली.

मुकुलने मागितल्या तरी जुन्या साड्या पाठवू नकोस.

आहे ती माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई


सांगली, २९ ऑगस्ट

ती. ताईस निशिकांतचा साष्टांग नमस्कार.

पत्र उशिरा पोचलं. त्याआधीच मुकुलचा फोन आला. आईचा जीव गोधड्यांत रमलाय, म्हणाला. मीही खूश होऊन तुझी ट्रंक उघडली आणि सतरा साड्या तिकडे निघालेल्या शेजारच्या विवेकबरोबर धाडल्या. आपल्या आईचं लुगडंही त्यात गेलं. रागाव, पण संस्कृतात नको. शिव्या आहेत की आशीर्वाद, मला कळत नाही.

तुझा अपराधी
निशिकांत


सिंगापूर, १३ सप्टेंबर

चि. निशिकांत यास आशीर्वाद (मराठीत).

साड्या पोचल्या. भावनाने उभ्या उभ्या चार गोधड्या ठरवल्या. आईचं लुगडं हाती आलं, तेव्हा मी मुकुलला समोर बसवलं. हे कापणार नाही, यापुढे शिवणारही नाही, बाळासाठी पाळणाघर बघ, मला घरी जायचंय, असं सांगितलं. तो म्हणाला, आई, इथे तुला काय कमी आहे? मी लुगड्याची घडी घालून ते माझ्या बॅगेत ठेवलं.

काल त्याने तिकीट हातात ठेवलं. मी धावत ब्रिजेटबाईंना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावला, पान उलटलं आणि दुसरं पान माझ्यापुढे धरलं. मुंबई ते सिंगापूर, मी तिथे पोचल्यावर तीन आठवड्यांनंतरची तारीख. मी फक्त पहिलं पान वाचलं होतं.

दोन ऑक्टोबरला सांगली स्टेशनवर ये. ते दुसरं पान मी बाईंच्या हवाली केलं आहे. मी परतणार नाही, हे मुकुलला अजून सांगितलेलं नाही.

लोभ आहेच, तो तिथे येऊन वसूल करीन.
तुझी ताई