काटा बंदच राहू दे

निल्लास,

काल दिवसभर पक्कड घेऊन ज्याला शिव्या हासडल्यास, तो तुकडा शेवटी मीच काढला. बर्फगाडीचा वेगाचा काटा फिरवणारं प्लास्टिक अ‍ॅक्सलच्या भोकात मोडून बसलेलं, ते नुसतं ओढून येतंय होय? तुझा बाटलीची बुचं काढायचा स्क्रू चुलीवर लाल केला, प्लास्टिकात खुपसला आणि गारठेपर्यंत कॉफी पीत बसले. मग एका हिसक्यात सगळं बाहेर. स्क्रू जरा सरळ झालाय, त्यावरून बोंबलू नकोस. वाइन तशीही तुला चढते.

नवा तुकडा कॉफीच्या डब्यात आहे. बसवायला घेतलाही होता, पण म्हटलं, कशाला? काटा चालू झाला की किलोमीटर मोजले जातात, आणि मग तू विचारतोस, "आई, मावशीचं घर एवढं लांब कधीपासून झालं?"

तर मी मावशीकडे चाललेय. जाता जाता हेइक्काकडे कॉफीला थांबेन. त्याचं घर वाटेवर नाही, हे मलाही ठाऊक आहे. बायको गेल्यापासून बिचारा टिनच्या डब्यातलं खातो, म्हणून रेनडियरची धुरावर सुकवलेली जीभ नेतेय. चांदीचा ब्रोच शोधत बसू नकोस, माझ्या शालीवर आहे. आणि मावशीला फोन करायचं काही कारण नाही.

कुणाला त्याच्याकडे रेनडियर किती, म्हणजे गाठीला पैसा किती, असं विचारू नये, हे तुला लहानपणीच शिकवलंय. आईला तिचे किलोमीटरही विचारू नयेत.

आई