कोरडा दगड

१४ मार्च

तीर्थरूप दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तू आणि वहिनी कसे आहात हे विचारायची छाती होत नाही, पण पत्राची सुरुवात याहून वेगळी कशी करतात ते मला येत नाही.

इथली थंडी ओसरली. प्रयोगशाळेच्या जिन्याला रंग काढताहेत, वासाने सगळ्यांची खोकून पुरेवाट झाली आहे. मला वरच्या मजल्यावर दोन खिडक्यांची मोठी खोली मिळाली. दगड कापायचं नवं यंत्र येणार आहे. पूर्वी असतं तर तू म्हणाला असतास, "दगडूबाईचे दिवस फिरले!" फिरलेच म्हणायचे. ज्या परिषदेत मी बोलायला उभी राहिले की लोक चहाला उठून जायचे, तिथे आता मला सगळ्यांत आधी बोलायला बोलावतात.

का, ते तुला ठाऊक आहे. तरी एकदा नीट सांगते. तू कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस, आणि मीही विषय थट्टेच्या पुढे नेला नाही.

आपल्या गावाखालून जमिनीला मोठी भेग गेली आहे. तिच्या दोन्ही अंगांची जमीन उलट दिशांना सरकू बघते. त्या भेगेत हिरवट-काळा दगड दाबला गेलाय. तो मूळचा इथला नव्हे. पृथ्वीच्या कवचाच्याही खालून, फार खोलातून वर ढकलला गेलेला. त्याला पाणी मुरलं की तो साबणासारखा बुळबुळीत होतो, मग जमीन गुपचूप सरकत राहते, कुणाला पत्ताही लागत नाही. गावाखाली तसाच दगड आहे, काळजी नको, असं सगळे थोर लोक म्हणत. मी मात्र टेकडीमागच्या ओढ्यातले तुकडे कापून, कागदासारखे पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघत आले. तो कोरडा होता. कोरडा दगड सरकत नाही. अडून बसतो आणि कधीतरी तुटतो. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही.

तू घराचा पाया खणत होतास तेव्हा मी हेच म्हटलं. तू म्हणालास, "अगं, तुझ्या दगडाला बरा माझ्याच घराचा पत्ता सापडला!" वहिनी हसली. भिंगरी तिच्या कडेवर होती, तीही हसली, आई हसली म्हणून.

भूकंपानंतर भिंगरीला पोचवून आलो त्या दिवशी वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "हिची जीभच काळी." तू तिला गप्प केलं नाहीस. मी ते मनावर घेतलं नाही, असं लिहिणार होते. घेतलं.

पुढचंही लिहिते. त्यानंतरच्या आठवड्यात मी आमच्या तुकडीबरोबर मोजणीला पुन्हा गावात आले. रस्ता मधोमध तुटून एक बाजू छातीइतकी वर आली होती. तुटलेल्या कडेत तो दगड उघडा पडला होता, ताजा, खडखडीत कोरडा. मी त्याला हात लावला. दादा, मला आनंद झाला. भिंगरी गेली हे त्या घटकेला मी विसरले. "हे बघा, हे बघा!" म्हणून ओरडले, मोजणीवाल्याच्या पाठीत थाप मारली. तो दगडाकडे बघतच नव्हता. वर बघत होता. वर भिंतीच्या तुकड्यासकट एक निळी खिडकी लोंबत होती. गल्ल्या ओळखू येत नव्हत्या. नाहीतर तुझ्याच अंगणात उभी आहे ते मला तेव्हाच कळलं असतं.

आणि आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते. गाव पुन्हा कुठे बांधायचं याचा अहवाल नगरपालिकेने आमच्याकडे मागितला होता. भेगेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा कायमचा मोकळा ठेवायचा, तिथे घर नाही की दुकान नाही, असं ठरलं. पट्टा मी आखला. तुझी जागा त्यात आहे. सगळी. आमचे साहेब म्हणाले, "भावाची जागा आहे, सही दुसरं कुणी करू दे." मी नको म्हटलं. तुझ्या शेजारणीकडून कळलं, तू तिथेच विटा आणून टाकल्यास, भिंगरीची खोली होती तश्शी बांधणार आहेस. नोटीस लवकरच येईल. ती आणणाऱ्या शिपायाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. हवं ते बोल मला. रेघ मात्र हलवता येणार नाही.

सही करणारी,
तुझी बहीण


२ एप्रिल

दगडूबाई,

आशीर्वाद. नोटीस आली. विटा गाडीवाल्याने परत नेल्या, फुटलेल्या तेवढ्या तिथेच टाकल्या. आम्ही दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. दुकान भेगेपासून लांब, औषधाची एक बाटलीसुद्धा फुटली नाही. याला देवाचा न्याय म्हणायचं की तुझ्या दगडाचा, ते तूच ठरव.

पत्र फाडायला घेतलं होतं. वहिनीला वाचून दाखवलं, पण तुझ्या आनंदाचा भाग गाळला. ती तुझ्याशी बोलणार नाही, फोन करू नकोस. मी कधी बोलेन तेही सांगता येत नाही.

एकच विचारायचं आहे. तुझ्याशिवाय विचारणार तरी कुणाला. त्या दुपारी भिंगरीला ताप होता म्हणून शाळेत पाठवली नव्हती. घरातलं औषध संपलं, म्हणून तिला निजवून वहिनी दुकानात आली. मी बाटली कागदात गुंडाळत होतो तेवढ्यात झालं ते झालं.

भिंगरी पलंगावर सापडली नाही. दाराजवळ सापडली. वहिनी म्हणते, "पाणी प्यायला उठली असेल हो, तिला काही कळलंच नसेल." रोज म्हणते. मी हो म्हणतो.

तुमच्या यंत्रांनी सगळं टिपलेलं असतं ना? तिला कळायला वेळ होता का? माझं मन राखायला लिहू नकोस. ते करणारे इथे खंडीभर आहेत.

दादा


९ एप्रिल

दादा,

सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या. दुसऱ्याकडूनही तपासून घेतल्या.

दगड तुटायला सुरुवात झाली ती भेगेच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून तो तुटत तुटत गावाकडे आला. त्यामुळे गावात आधी नुसती थरथर झाली, फळीवरची भांडी वाजतील एवढी. मोठा हिसका त्यानंतर आला. मध्ये वेळ होता. निजलेलं पोर दचकून उठेल, पलंगावरून उतरेल, दाराकडे धावेल, एवढा होता. दार उघडून बाहेर पडण्याइतका नव्हता.

ती पळत होती, दादा.

तू विचारलंस म्हणून तुला लिहिलं. वाचून झालं की हा कागद जाळ. वहिनी पाण्याचं म्हणेल तेव्हा हो म्हणत जा. ती कधी माझ्याशी बोललीच, तर मीही हो म्हणेन.

उत्तर नको.

तुझी बहीण