बाबा, अकरावीचेही मार्क धरतात

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहायला जड गेलं. पण तुम्ही गेलात, आता भांडू कोणाशी? काल आईनं सांगितलं, तिला दुसऱ्या राज्यात, एश्बॉर्नला नोकरी लागली, पुढच्या महिन्यात बॉन सोडायचं. आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, सईचं, शाळेचं शेवटचं वर्ष अजून व्हायचंय. म्हणून लिहितोय.

आठवतं? न्युरेम्बर्गहून बॉनला आपण असेच आलो, माझी अकरावी संपल्या संपल्या, तुमच्या प्रमोशनसाठी. मी म्हणत होतो, इथे शेवटच्या दोन्ही वर्षांचे मार्क धरतात. तुम्ही खोकी बांधत म्हणालात, "अकरावीला कोण विचारतं? अकरावी म्हणजे आराम." इतकी वर्षं जर्मनीत इंजिनियर, आणि डोक्यात अजून महाराष्ट्र बोर्ड!

बॉनच्या शाळेतल्या बाईंनी शांतपणे समजावलं होतं. राज्य बदललं की विषयांची मांडणी बदलते, मुलाला अकरावी पुन्हा करू द्या, त्यात कमीपणा नाही. तुम्हाला फक्त 'नापास' ऐकू आलं. हट्टानं बारावीत बसवलंत मला. बाकीची पोरं जे वर्षभर शिकली होती, ते मला माहीतच नव्हतं. मार्क कोसळले. जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं मला, एकाही विद्यापीठानं घेतलं नाही.

पुढे गावोगाव भटकताना एका तबेल्यात काम केलं, बाबा. तिथली एक म्हातारी घोडी मी दिसलो की कान टवकारायची, आणि बाकी कोणी आलं की चक्क पाठ फिरवायची... असो. कुठे होतो?

शेवटचा नकार आला तो दिवस. तुम्ही म्हणालात, अभ्यास केला नाहीस. मी म्हटलं, तुम्ही माझी वाट लावलीत. तुम्ही फेकलेला स्टीलचा डबा थेट भुवईवर बसला. डोळ्यात रक्त आलं. मी खाली जाऊन हातोड्यानं तुमच्या गाडीच्या काचा फोडल्या, पुढची, मागची, सगळ्या. त्याचं अजून वाईट वाटत नाही. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. त्यांना मी सांगितलं, भुवई कपाटावर आपटली. तुम्ही मागेच उभे होतात. एक शब्द का नाही बोललात?

मग मी घर सोडलं. तुमच्या हार्ट अटॅकचा फोन आला तेव्हा पोर्तुगालमध्ये संत्री तोडत होतो. तसाच घरी परत आलो.

आणि काल आई सईला काय म्हणाली माहितीये? "अगं, एकच तर वर्ष राहिलंय, तिथेही शाळा आहेत ना." सईनं ताट भिंतीवर फेकलं. "इश गे निश्ट." जाणार नाही म्हणजे नाही. भिंतीवरून आमटी ओघळत होती. आईचा हात वर गेला. मी मनगट धरलं, इतकं घट्ट की तिला दुखलं असणार. सोडलं नाही. आई खाली बसली. म्हणाली, मग मी काय करू, तूच सांग.

सांगितलं. तिनं एश्बॉर्नला जावं, शनिवार-रविवार यावं. सईजवळ मी राहतो. आईनं विचारलं, तू कधी एका गावात टिकलायस? गेनाऊ, बरोबर विचारलं तिनं.

तरी तुम्हाला शब्द देतो, बाबा. सईची शेवटची परीक्षा होईपर्यंत मी बॉन सोडणार नाही. पाय शिवशिवले तर ऱ्हाइनच्या काठानं वाटेल तेवढा चालेन, आणि जेवायला घरी येईन. या घरात तिच्यावर कोणाचा हात उठणार नाही. माझासुद्धा.

अजून रागावलेला, पण तुमचाच,
ओंकार