नमुन्यादाखल केलेली सही

३ सप्टेंबर
आले एकदाची! निवृत्तीनंतर घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं. कॉलेजच्या इमारतीतच, तिसऱ्या मजल्यावर राहायला खोली दिलीय. खिडकीतून फाटक दिसतं. काम आवडीचं: शेवटच्या वर्षाच्या सहा मुलांना संशोधन कसं करायचं आणि नोकरीत कसं वागायचं ते शिकवायचं. तीन आठवडे, मग थेट लेकीकडे, तिच्या बाळंतपणाला. तसा शब्दच दिलाय तिला.

६ सप्टेंबर
मुलं गुणी आहेत, जरा जास्तच. मी शिंकले तरी लिहून घेतात. त्यातली चष्मेवाली सगळ्यांत हुशार. सांगितलेलं दुसऱ्या दिवशी तंतोतंत करते. आज बजावलं, माणसांचा अभ्यास करताना मध्ये पडायचं नाही. समोरचा रडो की चिडो, आपण फक्त नोंद करायची.

९ सप्टेंबर
आज संमतीपत्र शिकवलं, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्याची लेखी परवानगी. फळ्यावर नमुना लिहिला आणि 'केव्हाही माघार घेता येईल' हे कलम मुद्दाम गाळलं. बघू म्हटलं, कोणाच्या लक्षात येतंय. सगळ्यांनी तसाच उतरवून घेतला. चष्मेवालीने नमुना छापून आणला, मी हसत हसत स्वतःचं नाव घालून सही ठोकली. उद्या एकेकाचा कान धरीन.

१० सप्टेंबर
कान धरायला गेले, तर चष्मेवाली म्हणाली की चूक कालच लक्षात आली होती. मग बोलली का नाहीस, विचारलं. सहाही जणांनी वह्या उघडल्या आणि माझा प्रश्न उतरवून घेतला. मला हसू आलं, पण पुरतं नाही.

१४ सप्टेंबर
बाहेर निघाले, तर फाटकावर वॉचमनने अडवलं. यादीत माझ्या नावापुढे 'सहभागी' लिहिलेलं. तणतणत प्राचार्यांकडे गेले. त्यांनी कौतुक केलं, मुलांचं! इतकं शिस्तीचं काम पहिल्यांदाच बघतोय म्हणाले. मोबाईल मुलांनी नेलाय. बाहेरच्या बोलण्याने निष्कर्ष बिघडतात म्हणे. हे माझंच वाक्य.

१९ सप्टेंबर
दाराला बाहेरून कडी. जेवण वेळेवर, वजन करून. घसा बसेपर्यंत ओरडले. मग हातापाया पडले, लेकीचे दिवस भरत आलेत, जाऊ द्या मला. चष्मेवालीचे डोळे भरले. तिने ते पुसले, घड्याळ बघितलं आणि वेळ लिहिली.

२४ सप्टेंबर
मुदत संपली. कधी सोडणार, विचारलं. माहिती अजून अपुरी आहे म्हणाले. त्यांचे अहवाल मी याच शेऱ्याने परत पाठवायची —

२६ सप्टेंबर
खूप भीती वाटतेय. ही वहीसुद्धा वाचतात, पानापानावर बारीक बरोबरची खूण — वाचू दे.
आज म्हणाले, एकाच माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही. तुलनेला दुसरं कोणी हवं, शक्यतो त्याच घरातलं. चष्मेवालीने माझ्या मोबाईलवरून निरोप पाठवला — माझ्या नावाने —

२७ सप्टेंबर, सकाळ
फाटकाशी टॅक्सी. लेक उतरली, पोटावर हात ठेवून — चष्मेवालीने खुर्ची दिली, पाणी दिलं, किती अदबीने — काच फुटत नाही, हाक पोचत नाही — कागद पुढे केला —
वर बघितलं तिने! मी दोन्ही हातांनी नको नको करतेय — हसली, तिनेही हात हलवला —
पेन घेतलं — अगं, वाच तरी आधी, वाच —