आपण किनाऱ्याचे की घाटाचे

अण्णा,

आज सकाळी रेडिओवर उन्हाळ्याचा अंदाज सांगत होते. किनारपट्टीवर हवा कोरडी, घाटमाथ्यावर वळवाच्या सरी. चहा गाळताना माझा हात थांबला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण किनारा आणि घाट हे शब्द एका दमात आले की अजून माझे कान गरम होतात. डोंबिवलीची आपली चाळ आठवते, पुढचं मोकळं अंगण, लांबवर मलंगगड, आणि चैत्र सरत आला की बायकांची वाळवणाची घाई. मुंबईहून सकाळच्या गाडीने येणारा पेपर चाळीत फक्त तुम्ही घ्यायचात, म्हणून आभाळाचं खातंही तुमच्याकडेच होतं. शाळेत भूगोल शिकवायचात आणि शाळा सुटली तरी शिकवायचं काही थांबवायचा नाहीत.

त्या वर्षी शेजारच्या मावशींच्या मुलीचं लग्न नाशिककडच्या घरात ठरलं होतं. मावशी मूळच्या कोकणातल्या, त्यांच्याकडे तांदळाच्या फेण्या होत, कुरडई कधीच नाही. पण सासरची माणसं रुखवतात आधी कुरडई शोधणार, म्हणून त्यांनी पोटाला चिमटा घेऊन रेशनचा गहू साठवला होता आणि आईकडून कृती शिकून घेतली होती. गहू तीन दिवस भिजतो, मग वाटून त्याचा चीक शिजवायचा. म्हणजे आज भिजवायचा तर पुढचं ऊन आजच ठाऊक हवं. मावशी दारात येऊन विचारतात, "मास्तर, पेपरात काय लिवलंय?" तुम्ही वाचता: किनाऱ्यालगत कोरडं, घाटात गडगडाटासह पाऊस. "मग आपण कुठले हो, किनाऱ्याचे की घाटाचे?" तुम्ही भिंतीवर बोटाने नकाशा काढता. इकडे सह्याद्री, इकडे समुद्र, ही आपली खाडी. "आपण किनाऱ्याचे. बिनधास्त भिजवा." भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

कुरडया घातल्या त्या दुपारी मलंगगडाच्या बाजूने आभाळ भरून आलं. वारा सुटला, आणि बायका धावेपर्यंत खाटांवरच्या ओल्या कुरडयांचा लगदा झाला होता. पावसाने घाट कुठे संपतो ते कुणाला विचारलं नव्हतं. मावशींनी कुरडयांखाली अंथरलेलं धोतर पिळून दोरीवर टाकलं आणि आत गेल्या. तुम्ही मात्र त्या रात्री जेवला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या डब्यातला सगळा गहू काढून भिजत घातलात. पुढे कितीतरी दिवस आपण नुसत्या भातावर काढले.

इथवर ठीक होतं, अण्णा. पण चीक शिजला त्या सकाळी तुम्ही धोतर खोचून अंगणात बायकांच्या मधोमध बसलात आणि सोऱ्या हातात घेतलात. आई दबक्या आवाजात म्हणते, "अहो, उठा. लोक बघतायत." तुम्ही म्हणता, "बघू देत. गहू माझ्या शब्दावर भिजला होता." चीक गरम, तुमचे हात खडूला सरावलेले. कुरडया कुठे जाड, कुठे तुटलेल्या, एकही धड गोल नाही. माझ्या वर्गातल्या मुली नळावर उभ्या राहून हसत होत्या. तुम्ही मला हाक मारलीत, "अगं, ते फडकं धर जरा." मी धरलं, पण तोंड भिंतीकडे करून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. आणि ऊन तर त्या दिवशी असं रखरखीत, की संध्याकाळपर्यंत कुरडया खडखडीत वाळल्या.

लग्नात मावशींनी त्या रुखवताच्या मधोमध मांडल्या. तुम्ही मागे, खांबापाशी उभे. मुलाकडच्या एका आजींनी कुरडई उचलून उलटसुलट करून पाहिली. "ह्या कुणी घातल्या गं? हात नवा दिसतोय." मावशी म्हणाल्या, "माझ्या भावाने." मावशींना सख्खा भाऊ नव्हता, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. कुणी हसलं नाही. आजींनी कुरडई परत जागेवर ठेवली, नीट.

ही गोष्ट मी माझ्या मुलांना, आता नातवंडांनाही सांगते. शेवटी म्हणते की तेव्हा तुमचे डोळे भरून आले आणि तुम्ही उपरण्याने पुसलेत. पोरं दर वेळी तेवढंच पुन्हा सांगायला लावतात. अण्णा, मला ते माहीत नाही. आजींनी विचारलं तशी, आता सगळे हसणार म्हणून मी मान खाली घालून माझ्या पायांकडे बघत होते. वर पाहिलं तेव्हा खांबापाशी तुम्ही नव्हता.