शिट्टीच्या आधी किटली

३ एप्रिल २००५, रविवार. योकोहामा
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कोणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.
परिस्थिती: बायकोचं, म्हणजे यामिनीचं, सॉफ्टवेअरचं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं. एक वर्ष संपलं. मी तिच्या मागे डिपेन्डंट व्हिसावर. मुलगा ओजस, वय नऊ. मी स्वतः छत्तीस, पुण्याच्या विद्यापीठ संघाचा माजी राइट विंगर. डावा गुडघा सोडला तर फिट.
संकल्प: वर्षअखेरपर्यंत जपानात फुटबॉल कोच. पगारी.
पहिलं पाऊल आजच टाकलं. नदीकाठच्या ग्राउंडवर मुलांचा रविवारचा क्लब आहे, त्यात ओजसला घातलं. तो नको म्हणत होता. या वयात मुलांना काय कळतं.

१० एप्रिल, रविवार
मुख्य कोच ओनो-सान. पन्नाशीचे, सडपातळ. यामिनीने भाषांतर करत माझी सगळी कारकीर्द सांगितली. त्यांनी दर वाक्याला मान हलवली. मग आत जाऊन एक मोठी जर्मनची किटली आणली आणि दोन्ही हातांनी मला दिली.
यामिनी म्हणते, ही चहाची पाळी आहे. मुलांना बार्लीचा गार चहा, कोच मंडळींना गरम. सगळ्या पालकांना आळीपाळीने येते. तिला खेळातलं काही कळत नाही. इथे कोणाच्याही हातात थेट शिट्टी देत नाहीत. आधी झाडू, मग किटली, मग शिट्टी. मला तर झाडू माफ झाला.

१५ मे, रविवार
प्रगती. मुरायामाबाईंना अडचण होती, त्यांची पाळी मी घेतली. मग आणखी तीन आयांना अडचणी आल्या. आता सगळे रविवार माझ्याकडे. लोक विश्वासाने जबाबदारी सोपवतात म्हणजे काहीतरी दिसत असणार त्यांना माझ्यात.
ओजस बाहेर बसून होता. राखीव खेळाडूला खेळ जास्त चांगला दिसतो, असं त्याला समजावलं. त्याने जपानीत काहीतरी उत्तर दिलं. हो म्हणाला असावा.

२ जून
नचिकेतची ईमेल. विद्यापीठ संघातला आमचा गोलकीपर. दोघांनाही एकाच आठवड्यात बँकेच्या स्पोर्ट्स कोट्यातून क्लार्कची ऑफर आली होती. तो गेला. मी नाही म्हटलं, कारण मला मुंबईच्या मोठ्या क्लबची ट्रायल होती. तिथे सातव्या मिनिटाला गुडघा गेला. पण ती सात मिनिटं बघायला हवी होती.
आता नचिकेत ब्रँच मॅनेजर आहे. पोट सुटलंय, फोटोत दिसतंय. लिहितो, तू निदान जपान तरी पाहिलंस.
उत्तरात कळवलं, की सध्या एका क्लबच्या कोचिंग स्टाफबरोबर आहे. हे खोटं नाही. दर रविवारी मी त्यांच्याबरोबरच असतो.

१७ जुलै, रविवार. दुपार
असह्य उकाडा. किटली तीनदा भरली.
स्टेशनजवळ बेंतोचा कारखाना आहे, जेवणाचे डबे भरायचा. यामिनीने त्यांचा कागद आणलाय. पार्टटाइम चालतो आपल्या व्हिसावर, परवानगी काढली की झालं. रविवारी माणसं जास्त लागतात, म्हणाली. मी सांगितलं, रविवारी मला काम असतं. तिने कागद फ्रीजवर लावून ठेवला.
काढून टाकायला हवा.

२१ ऑगस्ट, रविवार
शेवटी विषय काढलाच. पगाराचं यामिनीकरवी विचारलं. ओनो-सान जरा गोंधळले, मग सविस्तर सांगितलं. तेही विद्यापीठाकडून खेळलेले. कॉलेज संपल्यावर एका कंपनीने घेतलं, कारण तिथला साहेब त्याच विद्यापीठ संघाचा जुना खेळाडू. गेली तीस वर्षं बाथरूमच्या टाइल्स विकतात. इथे एक येन घेत नाहीत. बॉलसुद्धा स्वतःच्या खिशातून आणतात.
घरी येताना यामिनीने विचारलं, आता कळलं ना? मला तर उलट हुरूप आला. पगारी कोचची जागा अजून कोणीच घेतलेली नाही.

२५ सप्टेंबर, रविवार
ओनो-सानना उशीर झाला. मुलं नुसती उभी. मी किटली खाली ठेवली आणि कॉर्नर किक दाखवली. वळणारी, माझी खास.
बॉल छान वळला आणि नदीत गेला. गुडघा मात्र वळायला नको होता. मी चिखलात पडलो. कोणी हसलं नाही. इथे हसत नाहीत, ते जास्त लागतं. मुरायामाबाईंनी बर्फ आणला आणि पोरांना चहाही त्यांनीच दिला.
ओजस बॉल आणायला धावला, तो बराच वेळ नदीकडे तोंड करून उभा होता. ऊन डोळ्यांवर येत असणार.

१३ नोव्हेंबर, रविवार
क्लबचा वार्षिक मेळावा. माझं नाव पुकारलं. शर्ट खोचून उठलो, शिट्टीच मिळणार असं वाटलं, खोटं कशाला सांगू.
प्रमाणपत्र मिळालं. सलग सहा महिने चहाची पाळी सांभाळल्याबद्दल. ओनो-सान कमरेत वाकले, म्हणाले की क्लबच्या इतिहासात इतका वक्तशीर चहा कोणी दिलेला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

२० नोव्हेंबर, रविवार
पावसामुळे खेळ रद्द. ओजसला म्हटलं, पुढच्या वर्षी तू पहिल्या अकरांत असशील, मी बोलतो ओनो-सानशी. तो जपानीत काहीतरी बोलून खोलीत गेला. यामिनीने भाषांतर केलं नाही.
स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारलं. तिने खूप वेळ भांडी पुसली. मग सांगितलं. त्याला जूनमध्येच क्लब सोडायचा होता. शाळेजवळ चित्रांचा वर्ग आहे, तोही रविवारीच. मग सोडला का नाही, मी विचारलं.
"तो म्हणाला, मी सोडला तर बाबाला जायला जागा राहणार नाही."
मला फार वाईट वाटलं. रडलो. लिहून ठेवतोय, कारण ही वही कोणी वाचणार नाही. मुलाखतीचं तर सोडाच.

२३ नोव्हेंबर
ओजसला सांगितलं, की कारखान्याने बोलावलंय आणि नेमकं रविवारीच. क्लब बंद करावा लागेल, चालेल का. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग चहा कोण देणार, असं विचारलं. म्हटलं, देईल कोणीतरी.
किटली घासून परत केली. फ्रीजवरचा कागद अजून होता.

४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ
पहिली शिफ्ट. पट्ट्यावरून डबे येतात. प्रत्येक डब्यातल्या भाताच्या मधोमध एक लाल, खारवलेलं आंबट फळ ठेवायचं. इतकंच. उभं राहून गुडघा दुखतो. पंचविशीची मुकादम मुलगी आहे. तिने पूर्वी काय करत होतो ते विचारलं. मी फुटबॉल म्हणालो. तिने आदराने मान हलवली आणि टोपी कानांवर ओढून दिली.
घरी आलो तर फ्रीजवर कागदाच्या जागी ओजसचं चित्र. नदीकाठचं ग्राउंड, गोलपोस्ट आणि कडेला एक उंच माणूस, हातात किटली. मी विचारलं, शिट्टी नाही का काढली. तो रंगपेटी आवरत होता. या वेळी मराठीत बोलला.
"बाबा, शिट्टी तुझ्याकडे कधी नव्हतीच."
बरोबर आहे. नव्हती.